पहिलटकरणीचं देणं

माझ्या आधी अम्मीला एक मूल झालं होतं. मुलगी होती. चार दिवस जगली. अम्मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या आणि आता पालघर जिल्ह्यात मोडणाऱ्या जंगलकाठच्या एका गावी. सातव्या महिन्यात तिला हुडहुडी भरून ताप आला, उतरला, पुन्हा आला. मग ती दिवस भरण्याआधीच बाळंत झाली. नानी सांगायची, "पोर एवढीशी होती, माझ्या ओंजळीत मावायची." आमच्यात सातव्या दिवशी नाव ठेवतात. तोवर ती थांबली नाही.

नानीकडे या सगळ्याचं एकच उत्तर होतं. "पहिली खेप होती. पहिल्याला असंच असतं." लहानपणी मला ते पटायचं. कॉलेजात गेल्यावर ती अडाणी समजूत वाटायला लागली. आणि पन्नाशी उलटल्यावर कळलं, की मलेरियाच्या शास्त्रातलं एक मोठं कोडं नेमकं याच वाक्यात आहे: पहिल्या खेपेलाच असं का होतं?

मी बी.ए. झाले ती मराठी घेऊन. कविता लिहिते. डास, परजीवी, लस हा माझा प्रांत नव्हे. या वाटेला मी लागले ती रोनाल्ड रॉसमुळे, आणि रॉसकडे गेले ती तो कविता करायचा म्हणून. १८५७ साली अलमोड्याला जन्मलेला हा लष्करी डॉक्टर कविता लिही, कादंबऱ्या लिही आणि फावल्या वेळात डास चिरी. २० ऑगस्ट १८९७ या दिवशी सिकंदराबादला त्याला एका डासाच्या जठराच्या भिंतीत मलेरियाचा परजीवी वाढताना दिसला. हिवताप खराब हवेने होत नाही, डास तो पोचवतो, या सिद्धांताला भक्कम पुरावा मिळाला. १९०२ साली रॉसला नोबेल मिळालं.

तो डास ज्याला चावला होता त्या रुग्णाचं नाव रॉसने लिहून ठेवलं आहे: हुसेन खान. दर डासामागे त्याला एक आणा मिळे. पुढे कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत रॉसच्या हाताखाली होता महंमद बक्ष. ही नावं वाचताना मला आमच्या नात्यातलीच माणसं भेटल्यासारखं वाटलं. एक आणा घेऊन का होईना, हुसेन खान इतिहासात आला. मग मनात आलं, हुसेन खानच्या घरातली बाई? ताप तिलाही येत असणार. ती गरोदर असताना आला तर काय होत होतं? हे कुणी पाहिलं? कधी पाहिलं? त्या शोधात मी जे वाचत गेले, ते आज सांगते आहे.

पाहिलं होतं, पण तुटक तुटक. १९१४ साली पनामा कालवा सुरू झाला. तिथे हजारो मजूर हिवतापाने आणि पीतज्वराने मेले होते, त्यामुळे रोगांवर बारीक नजर ठेवणाऱ्या प्रयोगशाळा उभ्या राहिल्या होत्या. तिथल्या हर्बर्ट क्लार्क या डॉक्टरने बाळंत झालेल्या बायकांच्या वारेतलं रक्त काचेवर घेऊन तपासलं. वार म्हणजे बाळ पोटात असताना त्याला नाळेवाटे अन्न आणि प्राणवायू पुरवणारा तो मांसल गोळा. बाळामागून वार पडली की सुईणीचा जीव भांड्यात पडतो. क्लार्कला दिसलं, की आईच्या बोटातल्या रक्तात परजीवी जेमतेम सापडतो, वारेत मात्र त्याची जत्रा भरलेली असते. १९१५ साली त्याने हे छापलं. पुढे १९२५ साली पश्चिम आफ्रिकेतल्या फ्रीटाउनला ब्लॅकलॉक आणि गॉर्डन या दोघांनी वारेतला हिवताप आणि नवजात बाळाची प्रकृती यांचा संबंध तपासला. १९३८ साली केनियातून गार्नहॅमने हिवतापाने माखलेल्या वारेचं सविस्तर वर्णन केलं.

दरम्यान आपल्या शेजारी, श्रीलंकेत, म्हणजे तेव्हाच्या सिलोनमध्ये, १९३४-३५ साली भयानक साथ आली. पावसाने ओढ दिली, नद्या आटल्या, पात्रात डबकी राहिली आणि त्यांत डास माजले. सुमारे ऐंशी हजार माणसं दगावली. कोलंबोचे प्रसूतितज्ज्ञ विक्रमसूरिया यांनी त्या साथीतल्या गरोदर बायकांच्या नोंदी ठेवल्या. १९३७ साली त्यांचं पुस्तक आलं. मलेरियाच्या ढिगाऱ्यात गरोदर बाई हा वेगळा विषय आहे, हे ठासून सांगणाऱ्या सुरुवातीच्या ग्रंथांपैकी ते एक.

इथे दोन चित्रं वेगळी ठेवायला हवीत. जिथे हिवताप कधीमधी येतो, तिथे गरोदर बाईला तो जोरात येतो. ताप डोक्यात जातो, गर्भ पडतो, कधी बाईच जाते. सिलोनमध्ये हे झालं. पण आफ्रिकेत सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला असे मुलूख आहेत जिथे डास वर्षभर चावतो. तिथे पाच वर्षांच्या आतली मुलं तापाने मरतात, जी वाचतात त्यांचं शरीर हळूहळू रोगाशी लढायला शिकतं. तिथली वीस वर्षांची बाई रोज डास चावूनही हिंडतीफिरती असते. १९६१ साली गांबियात कोहेन, मॅकग्रेगर आणि कॅरिंग्टन यांनी मोठ्या माणसांच्या रक्तातली प्रतिपिंडं काढून हिवतापाने फणफणलेल्या मुलांना टोचली, आणि मुलांच्या रक्तातले परजीवी उतरले. आपलं शरीर रोगाशी लढायला जी द्रव्यं तयार करतं ती प्रतिपिंडं. म्हणजे शिकलेलं शहाणपण रक्तात असतं आणि ते दुसऱ्याला देताही येतं, हे तिथे सिद्ध झालं.

मग कोडं पडलं. अशी पक्की झालेली बाई पहिल्यांदा गरोदर राहते आणि तिचं सारं शिक्षण वाया गेल्यासारखं होतं. तिला बहुधा तापही येत नाही. ती पाणी भरते, दळते, बाजार करते. फक्त पांढरीफटक पडत जाते, आणि बाळ अडीच किलोच्या आत भरतं. अशी बाळं पहिल्या महिन्यांत पटकन हाताची जातात. दुसऱ्या खेपेला हे कमी होतं. तिसऱ्या-चौथ्याला आणखी कमी. जुने डॉक्टर म्हणत, गरोदरपणात बाईची ताकदच कमी होते. पण मग ती पहिल्याच खेपेला जास्त का कमी व्हावी? नानीच्या वाक्यात जे होतं तेच हे. फक्त नानीने त्यापुढे प्रश्नचिन्ह लावलं नव्हतं.

ते कोडं सुटायला १९९६ साल उजाडावं लागलं. केनियात व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी किसुमू नावाचं शहर आहे. तिथे मिखल फ्राइड ही शास्त्रज्ञ आणि तिचा सहकारी पॅट्रिक डफी बाळंतिणींच्या वारा गोळा करत होते. तिथल्या लुओ लोकांत वार घराजवळ पुरायची रीत आहे. आपण 'इथे माझी नाळ पुरली आहे' म्हणतो, तसंच. जी वस्तू जगभर बायका मुकाट्याने मातीआड करतात, तिच्यात या दोघांना उत्तर सापडलं.

ते समजायला परजीवीची एक खोड कळायला हवी. तो तांबड्या रक्तपेशीत शिरून बसतो. आपल्या पोटात प्लीहा आहे, जिला जुनी माणसं पाणथरी म्हणत. ती रक्त गाळते आणि बिघडलेल्या पेशी बाजूला काढते. हिवतापात पाणथरी वाढते ती याच कामाने. या चाळणीतून जायला लागू नये म्हणून परजीवी आपण बसलेल्या पेशीवर आकडे काढतो आणि रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून राहतो. फ्राइड आणि डफी यांनी दाखवलं, की वारेतले परजीवी काँड्रॉयटिन सल्फेट ए नावाच्या साखरेच्या साखळीला चिकटतात आणि इतर माणसांतले परजीवी तिला चिकटत नाहीत. काँड्रॉयटिन हे नाव तुम्ही गुडघेदुखीच्या गोळ्यांच्या पाकिटावर वाचलं असेल. त्याच कुळातली ही साखळी वारेत असते, विशिष्ट घडणीची.

म्हणजे बाई दुबळी झालेली नसते. तिच्या शरीरात एक नवी जागा तयार झालेली असते आणि त्या जागेसाठी परजीवी नवा आकडा काढतो. हा आकडा तिच्या शरीराने जन्मात पाहिलेला नसतो, कारण वारच यापूर्वी नव्हती.

१९९८ साली याच लोकांनी पुढचं पाऊल टाकलं. त्यांनी अनेकदा बाळंत झालेल्या बायकांच्या रक्तात अशी प्रतिपिंडं दाखवली, जी परजीवीला वारेला चिकटूच देत नाहीत. पहिलटकरणीच्या रक्तात ती नव्हती. पुरुषांची वार नसते, त्यामुळे त्याच गावात आयुष्य काढलेल्या पुरुषांच्या रक्तात हे शहाणपण येण्याचा प्रश्नच नव्हता. आणि सर्वांत मोठी गोष्ट: आफ्रिकेतल्या बायकांची प्रतिपिंडं आशियातल्या परजीवीलाही अडवत होती. भाषा वेगळी, देश वेगळा, पण आयांच्या रक्ताने एकच धडा गिरवला होता. असं असेल तर एकच लस जगभर चालू शकेल, ही आशा तिथून सुरू झाली.

आता आपल्याकडचा बहुरूपी आठवा. सकाळी फौजदार, दुपारी फकीर, संध्याकाळी आणखी कुणी. मलेरियाचा परजीवी तसा बहुरूपी आहे. २००२ साली त्याची सगळी जनुकं वाचून झाली, तेव्हा दिसलं की आकडे बनवणारी सुमारे साठ जनुकं त्याच्या गाठोड्यात आहेत. एका वेळी तो एकच सोंग काढतो. शरीराने एक ओळखलं की दुसरं. २००३ साली कोपनहेगनच्या अली सालांती आणि सहकाऱ्यांनी त्या साठांतून वारेसाठी राखलेलं सोंग शोधून काढलं. त्याचं नाव 'व्हार-टू-सीएसए'. गरोदर नसलेल्या माणसात त्याला काही काम नसतं. बाई गरोदर राहिली की ते बाहेर निघतं.

सोंग कळलं, आता त्याचं चित्र शरीराला आधीच दाखवून ठेवायचं. लस म्हणजे दुसरं काय? पण हे चित्र फार मोठं निघालं. ते प्रथिन इतकं अगडबंब आहे की कारखान्यात अख्खं बनवणं जिकिरीचं. म्हणून त्याचा नेमका चिकटणारा तुकडा निवडला. कोपनहेगनच्या गटाने एक लस केली, पॅरिसच्या बेन्वा गामां यांच्या गटाने दुसरी. पहिलीची माणसांवरची पहिली चाचणी जर्मनीत आणि बेनिनमध्ये झाली, निकाल २०१९ साली आला. दुसरीची फ्रान्समध्ये आणि बुर्किना फासोत, ६८ स्त्रियांवर, निकाल २०२०. दोन्ही लसी निर्धोक ठरल्या, दोन्हींनी प्रतिपिंडं तयार केली. पण ज्या वाणाच्या परजीवीवरून लस बनवली त्याला ती प्रतिपिंडं चांगली ओळखत, दुसऱ्या वाणांना तितकी नाही. कारखान्यातल्या तुकड्याला जे जमलं नाही ते तीन बाळंतपणं झालेल्या बाईच्या रक्ताला जमलेलं असतं. तिथे काम अजून अडलेलं आहे.

वाटेत एक नवल घडलं. वारेतल्या त्या साखळीसारखी साखळी कर्करोगाच्या अनेक गाठींवरही असते आणि परजीवीचं प्रथिन तिलाही जाऊन चिकटतं, असं सालांती आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली दाखवलं. म्हणजे हाच आकडा वापरून औषध थेट गाठीपर्यंत नेता येईल का, यावर अभ्यास सुरू झाला. गरोदर बायकांकडे पाहिल्याने काय काय दिसतं, याचं हे उदाहरण.

मग पाहायला इतका उशीर का? पनामातली काच १९१५ची आणि किसुमूचा शोध १९९६चा. मध्ये एक्याऐंशी वर्षं गेली. याची कारणं साधी आहेत आणि कडूही. परजीवीची जनुकं वाचायची हत्यारं नव्हती, हे खरंच. पण १९५७ ते १९६१ या काळात थॅलिडोमाइड नावाची गोळी गरोदर बायकांना मळमळीसाठी दिली गेली आणि दहा हजारांहून अधिक मुलं हातापायांत व्यंग घेऊन जन्मली. ते झाल्यापासून गरोदर बाईवर कुठलंही नवं औषध तपासायला जग कचरायला लागलं. भीती योग्य होती. पण तिचा अर्थ असा झाला, की बाईला औषधापासून वाचवलं आणि रोगाच्या हवाली केलं. लहान मुलांसाठी मलेरियाची लस निघाली, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली पहिलीची शिफारस केली. दुसरीची २०२३ साली केली, आणि ती ऑक्सफर्डने शोधलेली लस आपल्या पुण्यात, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते. मराठी माणसाने अभिमान धरावा अशी ही गोष्ट. पण या दोन्ही लसी बालकांसाठी आहेत. त्या बालकांच्या आयांसाठी नाहीत.

अलीकडे मात्र एक उजेड दिसला आहे. १९६७ साली न्यूयॉर्कमध्ये रूथ नुसेन्झ्वाइग या शास्त्रज्ञ बाईंनी क्ष-किरणांनी दुबळे केलेले परजीवी उंदरांना टोचून त्यांना मलेरियापासून वाचवलं होतं. त्याच वाटेने पुढे जाऊन डासाच्या लाळग्रंथीतून काढलेल्या, किरणोत्साराने दुबळ्या केलेल्या परजीवींची एक लस तयार झाली. पश्चिम आफ्रिकेतल्या मालीत ती ३०० स्त्रियांवर तपासली गेली. वयं १८ ते ३८, सगळ्या लवकरच मूल व्हावं अशा विचारात असलेल्या. आधी औषध देऊन रक्त परजीवीमुक्त केलं, मग महिन्याभरात तीन टोचण्या. काहींना फसवी टोचणी, म्हणजे नुसतं मिठाचं पाणी, तुलनेसाठी. शेवटच्या टोचणीनंतर २४ आठवड्यांत ५५ जणींना दिवस गेले. त्यांच्यात रक्तात परजीवी शिरण्यापासून कमी मात्रेच्या लसीने ६५ टक्के, तर मोठ्या मात्रेच्या लसीने ८६ टक्के संरक्षण दिलं. दोन वर्षांत मिळून १५५ जणींना दिवस गेले. त्यांच्यात हे आकडे ५७ आणि ४९ असे आले. निकाल २०२४ साली छापला गेला. चाचणी लहान आहे, बाळांच्या वजनाचं आणि जगण्याचं उत्तर मोठ्या चाचण्यांतूनच येईल. पण गरोदरपणाच्या आधी टोचून गरोदरपणात बाईला राखता येतं, हे पहिल्यांदा दिसलं. या कामातही पॅट्रिक डफी होता. किसुमूत वारा गोळा करणारा तोच.

आज हातात काय आहे? मच्छरदाणी, आणि गरोदरपणात ठरावीक अंतराने द्यायच्या गोळ्या. आफ्रिकेत त्यांनी पुष्कळ बाळं वाचवली आहेत, पण काही भागांत परजीवी त्या गोळ्यांना दाद देईनासा झाला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ साली आफ्रिकेतल्या ३३ देशांत सुमारे ३ कोटी ५४ लाख बायका गरोदर राहिल्या आणि त्यांतल्या सुमारे १ कोटी २७ लाख बायकांना त्या काळात मलेरियाची लागण झाली.

आपल्याकडची गोष्ट थोडी वेगळी. १९४७च्या सुमारास भारतात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होई असा अंदाज आहे. डीडीटीची फवारणी झाली, १९६५पर्यंत आकडा एक लाखावर आला. मग सैल पडलो आणि १९७६ साली तो चौसष्ट लाखांवर गेला. तेव्हा मी लहान होते. घराच्या भिंतीवर फवारणीची तारीख रंगवून जाणारी माणसं मला आठवतात. आता आकडे पुन्हा पुष्कळ खाली आले आहेत, पण गडचिरोलीच्या जंगलातल्या गावांना विचारा, हिवताप गेलेला नाही. आपल्याकडे तो आफ्रिकेसारखा बारा महिने चावत नाही, म्हणून इथे धोका पहिलटकरणीपुरता नसतो. कुठल्याही खेपेच्या बाईला ताप आला तर रक्त तपासायलाच हवं. नानीचं वाक्य आफ्रिकेत जितकं खरं, तितकं तिच्या स्वतःच्या गावात नसावं. आणि अम्मीचा तो ताप हिवतापच होता का, हेही आता कुणी सांगू शकणार नाही. तिचं रक्त कुणी तपासलंच नव्हतं.

पण एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. वारेवरचा तो हल्ला कसा थोपवायचा हे ज्या रक्तातून आपण शिकलो, ते रक्त किसुमूच्या, मलावीच्या, थायलंडच्या सीमेवरच्या आयांचं. त्यांतल्या कितीजणींनी त्या शिक्षणाची फी पहिल्या बाळाने भरली असेल. हुसेन खानला डासामागे एक आणा मिळाला आणि त्याचं नावही राहिलं. या बायकांची नावं कुठल्याच पुस्तकात नाहीत. ज्या दिवशी लस तयार होईल, त्या दिवशी ती अजून आई न झालेल्या मुलीला टोचावी लागेल, पहिल्या खेपेच्या आधी. म्हणजे आधीच्या पहिलटकरणींचं देणं पुढच्या पहिलटकरणींना फेडायचं.

अम्मी आता ऐंशीच्या घरात आहे. हे सगळं मी तिला सांगितलं, जमेल तेवढं सोपं करून. ती बराच वेळ तसबीह फिरवत राहिली. मग म्हणाली, "ती टोचणी निघाली की मला सांग." मी हो म्हटलं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)